डीसीसी लेआऊटवरचे सांधे: इंजिन फ्रॉगवर आलं की सगळंच बंद!

रूळबदल

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आता गाडी खरोखरच अडली आहे.

माझा मॉडेल रेल्वेचा लेआऊट एचओ मापाचा, म्हणजे १६.५ मिमी गेजचे रूळ. आधी साध्या डीसीवर होता, ब्लॉक पाडून प्रत्येकाला एक टॉगल. आता सगळं डीसीसीवर आणलंय, म्हणजे रुळांत कायम वीज आणि तिच्यातूनच इंजिनांना डिजिटल आज्ञा. रुळांना वीज पुरवणारा बूस्टर ५ अँपिअरचा. डीसीसीत रुळाच्या प्रत्येक तुकड्याला फीडर, म्हणजे वीज आणणारी स्वतःची वायर, द्यावा असं जिथेतिथे वाचलं, म्हणून सायडिंगांसकट सगळीकडे फीडर टाकले. सांधे (गाडीचा मार्ग बदलायच्या जागा) दोन जातींचे आहेत: मेन लाइनवर मेटल फ्रॉगचे, यार्डात प्लास्टिक फ्रॉगचे. फ्रॉग म्हणजे दोन मार्गांचे आतले रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा. सांध्यांच्या मोटरी जुन्याच, दोन कॉइलवाल्या. त्यांच्यासाठी आज्ञा ऐकून मोटर हलवणारे अ‍ॅक्सेसरी डिकोडर लावले आणि त्यांना वीज आणि सिग्नल दोन्ही रुळांच्याच बसवरून (लेआऊटखालच्या मुख्य वायरींच्या जोडीवरून) दिले.

आता रडगाणं. यार्डातल्या सांध्यांवरून मोठं इंजिन गेलं की फ्रॉगपाशी बारीकशी ठिणगी आणि बूस्टर ट्रिप. छोटं शंटर इंजिन त्याच फ्रॉगवर मरून पडतं, बोटाने ढकललं की पुढे जातं. मेन लाइनवर वेगळाच ताप. उलट्या लागलेल्या सांध्यात गाडी शिरली की शॉर्ट होतो, तो एक वेळ समजू शकतो. पण मग थ्रॉटलवरून (हातातल्या कंट्रोलरवरून) सांधा बदलायला जावं तर डिकोडर ढिम्म! हाताने सांध्याची पाती सरकवल्याशिवाय सुटका नाही.

चीड याची येते की हेच रूळ, हेच सांधे आणि हीच चाकं डीसीवर बिनतक्रार चालत होती. नेमकं काय बदललं?

नॅरोगेज

मोठं इंजिन दोन्ही मार्गांवर ट्रिप करतं की एकाच? आणि मेटल फ्रॉगवर काही कापाकापी केली आहे का, की खोक्यातून काढून तसेच बसवलेत?

रूळबदल

दोन्ही मार्गांवर. मेटल फ्रॉगचे तसेच बसवलेत, फक्त फ्रॉगच्या पुढच्या दोन आतल्या रुळांना प्लास्टिकचे (वीज अडवणारे) जॉइनर आहेत. फ्रॉगला वेगळी वायर नाही. पाती ज्या बाजूला टेकतील तिकडून त्याला वीज मिळते.

तांब्याची तार

डीसीवर चालत होतं, कारण यार्डातला शॉर्ट तेव्हा होतच नव्हता. तो नव्या फीडरांबरोबर आलाय.

डावीकडे फुटणारा सांधा डोळ्यांसमोर आणा. फ्रॉगच्या व्हीमध्ये दोन रूळ टोकाशी जवळजवळ चिकटतात. एक सरळ मार्गाचा डावा रूळ, दुसरा वळणाच्या मार्गाचा उजवा. म्हणजे दोघे विरुद्ध बाजूंचे. डीसीच्या काळात सायडिंगला स्वतःचा फीडर नव्हता, त्यामुळे सांधा ज्या मार्गाला लागलेला असेल तेवढाच जिवंत, दुसरा मेलेला. चाकाच्या रुंद कडेने व्हीमधले दोन्ही रूळ एकदम शिवले तरी जिवंत आणि मेलेला यांचीच गाठ पडायची, बिघडत काहीच नव्हतं. आता दोन्ही रूळ कायम जिवंत आहेत आणि तेच चाक दोघांमध्ये पूल बांधतंय.

त्यात भर म्हणजे जुन्या डीसी पॅकचा कटआऊट तापून उडणारा. त्याला सावकाश जाग येते, तोवर गाडी स्वतःच्या वेगात फ्रॉग ओलांडून गेलेली असते. बूस्टर मिलिसेकंदांत हात वर करतो. म्हणजे डीसीवर अधूनमधून होणारे बारीक शॉर्ट तुम्हाला दिसतही नसतील.

डीसीसीत रुळावर कायमचा प्लस-मायनस नसतो. सुमारे १४ ते १६ व्होल्टची चौकोनी लहर दोन रुळांमध्ये उलटसुलट होत असते. आज्ञाही त्या लहरीतूनच बिटांच्या रूपात जातात: १ या बिटाचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा, ० चा १०० किंवा जास्त. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने १९९४ मध्ये हे प्रमाण म्हणून घेतलं, मूळ काम जर्मनीतल्या लेन्झ कंपनीचं. आपल्या कामापुरतं एवढंच लक्षात ठेवा: बसची एक वायर अ, दुसरी ब. प्रत्येक रूळ कुठल्या तरी एकीचा. फ्रॉग तेवढा दोघींचा, सांधा फिरेल तसा त्याला पक्ष बदलावा लागतो.

मेटल फ्रॉगची गोष्ट वेगळी. तिथे दोन्ही पाती आणि फ्रॉग आतून एकमेकांना जोडलेले असतात. सांधा सरळ लागला की फ्रॉग अ, आणि दोन्ही पातीही अ. आता उजवं पातं उघडं आहे, पण त्याच्या शेजारची स्टॉक रेल (बाहेरचा न हलणारा रूळ) ब. मध्ये जेमतेम चाक जाण्याइतकी फट. एखाद्या डब्याची चाकं धुरीवर जरा आत सरकलेली असली की चाकाची पाठ उघड्या पात्याला घासते, आणि शॉर्ट. शिवाय फ्रॉगची सगळी वीज पात्याच्या टोकाच्या नुसत्या टेकण्यावर अवलंबून. तिथे मळ बसला की फ्रॉग मेला.

उपाय एकच आणि जुना आहे. फ्रॉग आणि पाती यांच्यामधले दोन्ही रूळ फ्रॉगच्या अलीकडे कापून फट पाडा. पात्यांकडचा प्रत्येक तुकडा शेजारच्या स्टॉक रेलला बारीक वायरीने कायमचा जोडा. फ्रॉगला स्वतंत्र वायर काढा आणि ती स्विचमधून अ किंवा ब ला न्या. मग उघडं पातं आणि शेजारची स्टॉक रेल एकाच पक्षात, चाक घासलं तरी काही होत नाही. पेको कंपनीच्या कोड ७५ इलेक्ट्रोफ्रॉगला (मेटल फ्रॉगच्या सांध्याला) खालच्या बाजूने यासाठी जागा ठेवलेली असते. दोन बारीक जंपर दिसतील, ते काढायचे. मात्र हे सगळं सांधा बसवण्याआधी केलेलं बरं. खडी चिकटवल्यावर वरून कटिंग डिस्क चालवणं हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता तुमचा डिकोडर ढिम्म का. शॉर्ट झाला की बूस्टर रुळांची वीज तोडतो. डिकोडर त्याच रुळांवर जगतोय, तोही मेला. शॉर्ट घालवायला सांधा बदलायला हवा, आणि सांधा बदलायला शॉर्ट जायला हवा. या फेऱ्यातून वायरिंग बदलल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही. सांध्यांच्या डिकोडरांची बस रुळांच्या बसपासून वेगळी करा. बाकी सगळं सावकाश करा, हे आधी.

घरघर

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडेही तोच फेरा चालू आहे.

रूळबदल

दंडवत घ्या. डोक्यात बल्ब पेटला. पण बस वेगळी करायची म्हणजे दुसरा बूस्टरच घ्यायचा का? माझ्या डिकोडरला बाहेरून डीसी वीज द्यायची सोय आहे. ती दिली तर भागेल?

तांब्याची तार

नाही भागणार, आणि इथेच बरेच जण फसतात. बाहेरची वीज दिलीत तर डिकोडर जागा राहील, पण आज्ञा कुठून येणार? त्या रुळांच्या बसवरूनच येतात आणि ती बस शॉर्टमध्ये आहे. ऐकू येण्याची वाटच बंद.

दुसरा बूस्टर लावलात तर उत्तमच. नाहीतर बूस्टरमधून निघालेली बस दोन फाट्यांत तोडा: एक थेट अ‍ॅक्सेसरी डिकोडरांना, दुसरा सर्किट ब्रेकरमधून रुळांना. ब्रेकर बूस्टरच्या आधी उडायला हवा, म्हणजे बूस्टर ५ अँपिअरचा असेल तर ब्रेकर त्याच्या बराच खाली सेट करा. रुळांवर शॉर्ट झाला की ब्रेकर तेवढा फाटा तोडतो, बूस्टर चालू राहतो, डिकोडर आज्ञा ऐकतो, सांधा फिरतो, शॉर्ट जातो, ब्रेकर आपोआप परत लागतो.

स्वस्तातला जुना जुगाड म्हणजे ब्रेकरच्या जागी मोटारीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा दिवा सिरीजमध्ये. शॉर्ट झाला की तो पेटतो आणि प्रवाह साधारण २ अँपिअरवर धरून ठेवतो, बूस्टर ट्रिप होत नाही. प्रत्येक विभागाला एक दिवा लावला तर कुठे शॉर्ट आहे हे लांबूनही दिसतं. मात्र दिवा चांगलाच तापतो. लाकडाला आणि वायरीच्या प्लास्टिकला टेकवू नका. साउंडची बरीच इंजिनं एका विभागात असतील तर दिवा त्यांना जाच करतो, तिथे ब्रेकरच बरा.

जुना सांधेवाला

एवढा खटाटोप कशासाठी, मला कळत नाही. सांध्यांना डीसीसी लागतंच कुठे?

इंजिनं डीसीसीवर चालवा, जरूर चालवा. सांधे मात्र समोरच्या पट्टीवर छापील आराखडा काढून टॉगलवर घ्या. स्लो मोशन मोटर लावा, तिला १२ व्होल्ट डीसीचा वेगळा अडॅप्टर द्या. दोन पोल दोन थ्रोचं टॉगल वीज उलटी करतं, मोटर दुसऱ्या बाजूला जाऊन अडून बसते. अडलेल्या अवस्थेत टॉर्टॉइज नावाची अशी मोटर जेमतेम १६ मिलिअँपिअर घेते, म्हणून जन्मभर चालू ठेवली तरी चालते. त्याच वायरीत दोन रंगांचे एलईडी उलटसुलट जोडून सिरीजमध्ये टाका. वेगळा रेझिस्टरही लागत नाही, मोटरच प्रवाह आवरते. कुठला सांधा कुठे लागलाय ते पट्टीवर दिसतं. रुळांवर शॉर्ट होवो की प्रलय होवो, सांध्यांची वीज वेगळी ती वेगळीच. ना पत्ता लक्षात ठेवा, ना थ्रॉटलवर आकडे दाबत बसा.

गाडी सांध्यावर पोचायला आली आणि तुम्ही अजून मेनूत सांध्याचा नंबर शोधताय, हे मी पुष्कळ पाहिलंय.

सिग्नलपल्याड

काका, एकट्याने चालवायच्या लेआऊटला तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण यार्डात एका बटणावर अख्खा मार्ग लागणं हा वेगळाच आनंद आहे. तो एकदा चाखला की टॉगलकडे परत जाववत नाही. कॉम्प्युटरवर जेएमआरआय टाकून रूट बनवला की चार सांधे क्रमाने लागतात. ते सॉफ्टवेअर फुकट आहे.

रूळबदल, मोटरी बदलायचा विचार असेल तर सर्व्हो पाहा. एसजी९० सारखा छोटा सर्व्हो ५ व्होल्टवर चालतो, दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स, पल्सची रुंदी साधारण १ ते २ मिलिसेकंद, त्यावरून कोन ठरतो. पाती हळू सरकतात, बघायला गोड दिसतं. सर्व्हो पूर्ण कोनात फिरवायचा नाही. पातं टेकेल आणि स्टीलची तार जराशी वाकून त्याला दाबून धरेल, एवढाच. जास्त फिरवलात तर सर्व्हो गुणगुणत राहतो आणि गरम होतो.

दोन खोडी सांगून ठेवते. वीज आली की काही सर्व्हो झटका मारतात आणि त्या झटक्यात पातं उचकटू शकतं, म्हणून सुरुवातीला पल्स थांबवून धरणारा सर्व्हो डिकोडर निवडा. दुसरं, सर्व्होला फ्रॉगसाठी स्विच नसतो. मी सर्व्होच्या आर्मला घासेल असा मायक्रोस्विच बसवते. तो वाटेच्या मधोमध पलटला पाहिजे. टोकाला पलटला तर पातं एका बाजूला आणि फ्रॉग दुसऱ्या पक्षात असा काळ बराच लांबतो, आणि तेवढ्यात वर गाडी असली तर ट्रिप.

जुना सांधेवाला

ताई, रूटचा मुद्दा मान्य. माझं यार्ड छोटं आहे, तिथे बोटंच रूट लावतात. :)

रूळबदल

मायक्रोस्विच, रिले, मोटरीतला कॉन्टॅक्ट या सगळ्याऐवजी फ्रॉग ज्युसर लावून मोकळं व्हावं का? एकच वायर फ्रॉगला, दोन बसला, झालं.

तांब्याची तार

ज्युसरचं काम असं: फ्रॉग चुकीच्या पक्षात असताना चाकाने फट ओलांडली की प्रवाह उसळतो, ज्युसर तो ओळखून फ्रॉगचा पक्ष उलटवतो, बूस्टरला कळायच्या आत. टॅम व्हॅली कंपनीचे एकेरी आणि सहा फ्रॉगचे असे दोन्ही मिळतात. सांधा हाताने बदलायचा असेल, किंवा खाली मोटरीला जागा नसेल, तिथे याच्यासारखं सोपं काही नाही. उलट्या सांध्यात शिरलात तरी फ्रॉगवर शॉर्ट होत नाही. पातं आडवं असल्यामुळे गाडी घसरली तर तो भाग वेगळा.

पण प्रत्येक फ्रॉगला स्वतःचा चॅनल लागतो, दोन फ्रॉग एकाला जोडले की कधी ना कधी गोंधळ. बूस्टरमध्येही दम हवा. छोट्या स्टार्टर सेटचा बूस्टर असेल तर ज्युसर आणि बूस्टर यांची शर्यत लागते आणि बूस्टरच आधी उडतो. साध्या डीसीवर ज्युसर चालत नाही, त्यामुळे अधूनमधून जुनं इंजिन डीसीवर फिरवणाऱ्यांनी नाद सोडावा.

माझं स्वतःचं मत: मोटरीत कॉन्टॅक्ट असेल तर तोच वापरा. टॉर्टॉइजच्या पट्टीवर ८ टोकं असतात. १ आणि ८ मोटरची. ४ हा कॉमन, त्याचे २ आणि ३. तसाच ५ हा कॉमन, त्याचे ६ आणि ७. फ्रॉगची वायर ४ ला, बसच्या दोन वायरी २ आणि ३ ला. चालू केल्यावर इंजिन फ्रॉगवर जाताच ट्रिप झालं तर २ आणि ३ ची अदलाबदल करा, डोकं खाजवू नका. दुसरा सेट सिग्नलला किंवा कॉम्प्युटरला सांध्याची खरी स्थिती कळवायला उरतो. याची किंमत नंतर कळते, कारण अ‍ॅक्सेसरीची आज्ञा साधारणपणे एकतर्फीच जाते. पाती खरंच फिरली की मध्ये खडीचा खडा अडकला, हे कमांड स्टेशनला (आज्ञा तयार करणाऱ्या पेटीला) आपणहून कळत नाही.

तुमच्या दोन कॉइलवाल्या मोटरीच ठेवायच्या असतील तर त्यांना वरून लावायचा स्विच किंवा लॅचिंग रिले लागेल. आणि कॉइलला वीज क्षणभरच मिळतेय ना ते बघा. ती घेते काही अँपिअर, सेकंदभर जास्त राहिली तर वास येतो. डिकोडरमध्ये पल्सची लांबी ठरवायची सोय असते. कपॅसिटरवरून मारणारा डिकोडर असेल तर आणखी निर्धास्त.

मालधक्का

पेकोच्या युनिफ्रॉग सांध्यांचं कोणीच बोललं नाही. नवीन सांधे घेणाऱ्याने हा सगळा इतिहास कशाला गिरवायचा? त्यात फ्रॉगचं टोक धातूचं पण सगळ्यांपासून तोडलेलं, पाती आपापल्या स्टॉक रेलला आधीच जोडलेली, आणि फ्रॉगची वायर खाली लोंबत असते. लांब इंजिनं असतील तर ती नुसती सोडून द्या, छोटी असतील तर स्विचला जोडा.

तांब्याची तार

बरोबर. पण त्यांच्याकडे सांधे बसवून झालेत, उखडायला कोण सांगणार.

रूळबदल

अपडेट. तांब्याची तार यांनी केलेल्या निदानाची आधी खात्री करून घेतली. यार्डातल्या एका सांध्याच्या व्हीवर, टोकापासून साधारण सेंटीमीटरभर, दोन्ही रुळांच्या माथ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात दिला. वाळल्यावर तेच मोठं इंजिन सावकाश नेलं, मागे आणलं, परत नेलं. ठिणगी नाही, ट्रिप नाही! शेजारच्या सांध्याला पॉलिश नव्हतं, तिथे पहिल्याच फेरीत बूस्टर उडाला. म्हणजे निदान पक्कं.

मेन लाइनवर एक डबा दर वेळी एकाच जागी ट्रिप करत होता. कॅलिपरने चाकांच्या पाठींमधलं अंतर मोजलं तर इतर डब्यांचं १४.४ मिमीच्या आसपास आणि याच्या एका धुरीचं त्याहून स्पष्ट कमी. चाक जरा पिळून बाहेर ओढलं, आता गपगुमान जातो.

डिकोडरांची बस वेगळी केली, रुळांच्या फाट्यावर ब्रेकर टाकला. मुद्दाम उलट्या सांध्यात गाडी घातली. ब्रेकरचा लाल दिवा लागला, थ्रॉटलवर सांधा बदलला, टक्क आवाज, दिवा गेला, गाडी आपली आपण पुढे. घरच्यांना बोलावून दोनदा दाखवलं, त्यांना काही विशेष वाटलं नाही.

घरघर

हाबिणंदण! शेवटचं वाक्य सार्वत्रिक आहे.

तांब्याची तार

छान. नेलपॉलिश हा तपासणीचा उपाय, कायमचा नव्हे. चाकं आणि रूळ पुसण्याचा रबर त्याला खाऊन टाकतात. टिकाऊ हवं असेल तर व्हीच्या पुढे दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर घाला आणि फीडर त्यांच्या पलीकडे ठेवा. मग व्हीचे छोटे तुकडे पुन्हा पात्यावरूनच वीज घेतात आणि ज्या मार्गाला सांधा नाही तो तुकडा मेलेला राहतो, अगदी डीसीच्या काळासारखा. त्या बदल्यात पात्याची टोकं स्वच्छ ठेवणं आलं. शंटर मात्र प्लास्टिकच्या फ्रॉगवर तरीही मरणार, त्याच्या दोनच धुऱ्या, करणार काय बिचारं. त्याला डिकोडरला जोडायचा छोटा कपॅसिटर पॅक लावा.

नॅरोगेज

मला एक विचारायचंय, तेही सांध्यांच्या निमित्तानेच. बसला वायर किती जाड घ्यायची? कोणी म्हणतं २.५ चौरस मिमी, कोणी म्हणतं घरात पडलेली टेलिफोनची वायर चालते.

तांब्याची तार

टेलिफोनची वायर टेलिफोनला. हिशेब करा. २.५ चौरस मिमी तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. १० मीटर लांबीची बस म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर, रोध ०.१५ ओहम. ५ अँपिअरला पाऊण व्होल्ट पडतो, ठीक. तीच बस ०.५ चौरस मिमीने केली तर रोध जवळपास पाचपट, साडेतीन व्होल्टच्या वर पडतात आणि टोकाची इंजिनं रांगतात. फीडर मात्र ०.५ चे चालतात, कारण ते वीतभर लांबीचे असतात.

इंजिन रांगतं हे परवडलं. खरा धोका शॉर्टच्या वेळचा आहे. वायर, फीडर, ढिले झालेले जॉइनर मिळून रोध ३ ओहमच्या वर गेला, तर १५ व्होल्टला ५ अँपिअरही वाहत नाहीत. मग ५ अँपिअरच्या बूस्टरला शॉर्ट झालाय हे कळतच नाही आणि ७० वॉटच्या आसपास उष्णता वायरीत, जॉइनरमध्ये आणि त्या बिचाऱ्या चाकात ओतली जाते. डब्याच्या बोगीचं प्लास्टिक वितळलेलं मी पाहिलंय.

म्हणून नाण्याची चाचणी. लेआऊटवर सगळीकडे, विशेषतः प्रत्येक सांध्याच्या पुढे-मागे, दोन्ही रुळांवर एक नाणं टेकवायचं. बूस्टर किंवा ब्रेकर तत्काळ उडाला पाहिजे. जिथे उडत नाही किंवा जरा विचार करून उडतो, तिथे फीडर वाढवा. जॉइनरवर भरवसा नको, तो रूळ सरळ ठेवण्यापुरता. आणि सोल्डर करताना रोझिनचाच फ्लक्स. अ‍ॅसिडचा फ्लक्स सुरुवातीला छान पकडतो आणि नंतर वायर हिरवी करून खातो.

सिग्नलपल्याड

+१. डीसीवरून आलेल्या सगळ्यांसाठी अजून एक. जुना कंट्रोलर एखाद्या ब्लॉकला जोडलेला राहिला नाही ना, ते बघा. टॉगलने बंद आहे म्हणून सोडून देऊ नका, वायरच काढा. डीसीसी आणि डीसी यांच्यामधली फट चाकाने ओलांडली तर इंजिनातला डिकोडर जाऊ शकतो. आणि जुन्या फीडर क्लिपांमध्ये रेडिओतली खरखर कमी करायला कपॅसिटर असतो, तो कापून टाका. डीसीसीची लहर तो गोल करून टाकतो आणि डिकोडर काहीबाही ऐकतो.

रूळबदल

बाप रे, माझ्या दोन क्लिपांत तो सापडला. काढला. आता एक विचित्र प्रकार: नव्या डिकोडरला सांधा क्रमांक १ दिलाय, पण थ्रॉटलवर १ दाबलं तर शांतता. ५ दाबलं की फिरतो!

नॅरोगेज

भूत.

तांब्याची तार

भूत नाही, मोजणी. अ‍ॅक्सेसरीच्या आज्ञेत ९ बिटांचा डिकोडरचा पत्ता असतो आणि प्रत्येक पत्त्यात ४ सांधे. काही कंपन्या डिकोडर ० पासून मोजतात, काही १ पासून. दोन घराण्यांचं सामान एकत्र आलं की बरोबर ४ चा फरक पडतो. रोको कंपनीच्या झेड२१ कमांड स्टेशनमध्ये यासाठी आरसीएन-२१३ नावाची सेटिंग आहे. तुमच्या कमांड स्टेशनमध्ये तशी काही असेल तर एकदाच ठरवून टाका. नसेल तर डिकोडरला पत्ता शिकवताना तुमच्याच थ्रॉटलवरून शिकवा, म्हणजे दोघांची मोजणी जुळते. आणि एक वही करा. सांध्याचा नंबर, पत्ता, कुठल्या डिकोडरचं कितवं तोंड, फ्रॉगची वायर कुठल्या रंगाची. लेआऊटखाली आडवं पडून टॉर्चच्या उजेडात वायरींचे अंदाज बांधण्यापेक्षा ते बरं.

जुना सांधेवाला

टॉगलला पत्ता लागत नाही, एवढंच नोंदवून खाली बसतो.

मालधक्का

अवांतर: डबल स्लिपवर (दोन मार्ग छेदतात तिथेच एकावरून दुसऱ्यावर जाता येणाऱ्या सांध्यावर) फ्रॉगचं काय करायचं? दोन टोकांना दोन मोटरी, दोन फ्रॉग. प्रत्येक फ्रॉग आपल्या बाजूच्या मोटरीच्या कॉन्टॅक्टला जोडला तर निम्मे मार्ग चालतात, निम्मे शॉर्ट.

तांब्याची तार

उलटं करा. एका टोकाच्या फ्रॉगचा पक्ष समोरच्या टोकाची पाती ठरवतात, म्हणून पूर्वेच्या फ्रॉगची वायर पश्चिमेच्या मोटरीला आणि पश्चिमेची पूर्वेच्या. कागदावर चारही मार्ग काढून रूळ अ आणि ब मध्ये रंगवा, लगेच दिसेल. मोटरी आधीच बसल्या असतील तर त्यांना हात लावू नका, फक्त दोन फ्रॉगच्या वायरी आपसांत बदला.

मालधक्का

बदलल्या. चारही मार्ग चालले. आता तीन मार्गांच्या सांध्याचं विचारणार होतो, पण त्याला वेगळा धागा काढतो.